जुन्या वळणाचे गाणे आणि मी दिलेला एक चुकीचा निकाल

१.
वाचकहो, या धाग्यांतून आजवर आपण घाटवाटा, बंदरे, ताम्रपट आणि आगगाड्या यांविषयी बोललो. आजचा विषय गाण्याचा आहे, आणि तो केवळ माहितीपुरता नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका गाण्याविषयी इतिहासाच्या नावाने निकाल दिला होता. तो चुकला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपली चूक दुरुस्त करायची असेल, तर ती पुरावे मांडूनच करावी लागते. म्हणून हा धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

२.
माझा एक बालमित्र डोंबिवलीत राहतो. सकाळी ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला नोकरीवर जातो आणि रात्री परतल्यावर गाणी रचतो. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजही त्याचाच. साथीला आजोबांची पेटी आणि एक जुनी गिटार. शेजारच्या इमारतीचा आवाज अडवण्यासाठी खिडकीला गोधड्या टांगून तो ध्वनिमुद्रण करीत असे. अशा कलावंताला हल्ली ‘इंडी’ म्हणतात. त्याच्या चाली ऐकल्या की घरातल्या वडीलधाऱ्यांना जुनी आकाशवाणी आठवे. म्हणून तो ‘रेट्रो’ही ठरत असे.

३.
दोन वर्षांपूर्वी, मी एम.ए.च्या पहिल्या सत्रात असताना, त्याने एक नवे गाणे मला पाठवले. पहाटे चारला उठणाऱ्या एका बाईचे ते गाणे होते आणि त्याची घडण जात्यावरच्या ओवीची होती. मी त्याला भला मोठा संदेश लिहिला. त्याचा सारांश असा: ‘छान झालंय, पण हे गाणं १९५० सालचं आहे. जातं आता कोणाच्या घरात आहे? तू स्वतःचं काही लिहीत नाहीयेस, जुन्याची नक्कल करतोयस.’ त्या दिवसांत मी सायमन रेनॉल्ड्स यांचे ‘रेट्रोमेनिया’ (२०११) वाचत होतो. आजचे लोकसंगीत स्वतःच्याच भूतकाळाच्या व्यसनात अडकले आहे, हा त्या पुस्तकाचा मुद्दा. नुकतेच हाती आलेले हत्यार माणूस जवळच्यावरच चालवून पाहतो.

४.
मित्राने वाद घातला नाही. ‘बरोबर असशील तू, तुझा अभ्यास आहे,’ एवढेच तो म्हणाला. आठवड्याभरात त्याने ते गाणे समाजमाध्यमावरून काढून टाकले. त्यानंतर त्याने स्वतःचे एकही गाणे रचले नाही. मी मात्र पुढे मराठी भावगीताच्या आरंभकाळावर लघुप्रबंध लिहायला घेतला. त्या अभ्यासात जे हाती लागत गेले, त्याने माझाच निकाल एकेक पुरावा करून खोडून काढला. तो क्रम खाली मांडतो.

५.
आधी शब्दांचा उगम पाहू. ‘इंडी’ म्हणजे बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांपासून स्वतंत्र. या कल्पनेचा एक ठळक आरंभबिंदू जानेवारी १९७७ मध्ये सापडतो. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या चमूने उसन्या पैशांवर ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. ‘स्वतः लिहिणारा, स्वतः गाणारा’ ही प्रतिमा त्याहून थोडी जुनी. ती बॉब डिलन यांच्या पिढीने रूढ केली. आता त्या पिढीचा पहिला पुरावा पाहा. डिलन यांच्या १९६२ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत १३ गाणी आहेत आणि त्यांपैकी केवळ २ त्यांची स्वतःची आहेत. उरलेली बहुतेक जुनी लोकगीते आणि ब्लूज. नवेपणाचे प्रतीक मानला गेलेला माणूस दारातून आत आला, तो जुन्यांची गाणी गात.

६.
आपल्याकडे तर लिहिणारा आणि गाणारा वेगळा असणे हीच उशिरा आलेली गोष्ट आहे. अभंगात संतकवी शेवटी आपली नाममुद्रा ठेवतात. रचना आणि उच्चार एकाच व्यक्तीशी बांधलेले राहतात. पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहीर रामजोशी स्वतः रचत आणि स्वतः डफावर उभे राहत. पुढे तेच कीर्तनाकडे वळले. होनाजी बाळा ही तर जोडी होती: होनाजी शिलारखाने रचणारे आणि बाळा कारंजकर गाणारे. म्हणजे एकट्याचा आणि जोडीचा, हे दोन्ही नमुने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या संधीवर आपल्याकडे तयार होते. त्यांच्या रचना तरी कोऱ्या पाटीवर कुठे उतरल्या होत्या? लावणीला मागे गोंधळ, भेदिक आणि कीर्तन यांचा आधार होता.

७.
मग यंत्र आले. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात आले आणि गौहर जान यांचा आवाज तबकडीत बंद झाला. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकडी तयार करणाऱ्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे म्हणून. जुनी नाममुद्रा अशी नव्या यंत्रात शिरली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असे. ज्या गायकीत तासभर राग उलगडावयाचा, तिला तीन मिनिटांची चौकट हा अडसर होता. छोट्या कवितेला मात्र हीच चौकट अंगाबरोबर बसली. मराठी भावगीताचा जन्म रसिकतेतून झाला, तसा या तीन मिनिटांतूनही झाला.

८.
१९३० च्या दशकाच्या आरंभी विदर्भातील एक तरुण, गो. ना. ऊर्फ जी. एन. जोशी, मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊ लागला. तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिलाच सामान्यतः पहिले मराठी भावगीत मानले जाते. जोशी शिक्षणाने वकील होते. पुढे १९३८ पासून ते एचएमव्हीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि दुसऱ्यांचे आवाज तबकडीवर आणण्यात त्यांचे आयुष्य गेले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आत्मकथन वाचताना जाणवते, की ‘स्वतंत्र कलावंत’ आणि ‘कंपनीचा माणूस’ ही दोन माणसे असायला हवीत असे नाही. एकाच आयुष्यात दोन्ही मावतात.

९.
गजाननराव वाटवे (१९१७ ते २००९) यांचा मार्ग वेगळा. चाल त्यांची, पेटी त्यांची, गळा त्यांचा. शब्द समकालीन कवींचे. ‘काव्यगायन’ या नावाने त्यांनी पुण्याच्या गणेशोत्सवात चौकाचौकांतून कविता गायल्या. नाट्यगृह नाही, तिकीट नाही, मागे वाद्यवृंद नाही. रस्त्यावर बसलेला श्रोता आणि समोर एक पेटी. आज ज्याला आपण ‘जुन्या काळचे सोज्वळ भावगीत’ म्हणून चांदीच्या वाटीत वाढतो, ते आपल्या तरुणपणी रस्त्यावरचे, स्वतःच्या बळावर उभे राहिलेले गाणे होते. मात्र त्यांच्या हातात साधन काय होते? कविता चालीत म्हणण्याची जुनी रीत. पाठशाळेत श्लोक आणि आर्या ज्या पद्धतीने म्हटल्या जात, तिचेच ते रूपांतर.

१०.
आता आपल्या भागाकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. त्यानंतर या मार्गावर सगळे काही आले: चाकरमाने, नाटकमंडळ्या, पेट्या, तबकड्या. सांगली जिल्ह्यातील येडे निपाणी येथे ४ जुलै १९१४ रोजी जन्मलेले निवृत्ती रावजी पाटील हेही ठाण्यात येऊन स्थिरावले. त्यांना महाराष्ट्र पी. सावळाराम या नावाने ओळखतो. ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. ‘जनकवी’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. ठाण्यात दर वर्षी दिला जाणारा ‘गंगा-जमुना’ पुरस्कार त्यांच्याच एका गाण्याची आठवण आहे.

११.
त्या गाण्याचा प्रसंग म्हणजे लेकीची सासरी पाठवणी. सावळारामांची वसंत प्रभू यांच्याशी जमलेली जोडी आणि लता मंगेशकर व आशा भोसले यांचे स्वर यांतून १९५० च्या दशकात जी गाणी निघाली, त्यांचे विषय पाहा: माहेर, पाठवणी, देवघर, नदी, तुळस. हे सारे विषय ओवीचे आणि लग्नगीतांचे. सावळारामांनी ते ग्रामोफोन तबकडीवर नेले. ऐकणारी बाई गावाहून आलेली, चाळीतल्या किंवा वाड्यातल्या दोन खोल्यांत राहणारी, माहेराला मुकलेली. तिच्यासाठी जुने गाणे नव्या जागी ठेवले गेले होते. आजच्या शब्दांत बोलायचे तर सावळाराम आपल्या काळातही ‘रेट्रो’च होते. तेव्हा कोणी एम.ए.चा विद्यार्थी त्यांना ‘जुन्याची नक्कल’ म्हणाला असता, तर त्याला ठाण्याच्या तलावपाळीवर हसले असते.

१२.
गीत, संगीत, स्वर असा तीन नावांचा क्रम आकाशवाणीवरील निवेदनाने आपल्या कानांत इतका रुजवला, की गाणे तीन माणसांचे असते हेच आपण गृहीत धरले. ही कारखान्याची श्रमविभागणी होती आणि तिने उत्तम काम केले. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’त ५६ गीते होती, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचे, आवाज अनेकांचे. पण पुढची घडामोड महत्त्वाची आहे. रंगमंचावर तेच गीतरामायण फडके एकटे बसून गाऊ लागले आणि श्रोत्यांनी त्यांना कीर्तनकाराच्या जागी बसवले. रेडिओच्या विभागणीतून गाणे बाहेर पडले आणि पुन्हा एका माणसाजवळ परत आले.

१३.
पोटापाण्याचा प्रश्नही इथेच येतो. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांचे ‘शुक्रतारा’ १९६० च्या दशकाच्या आरंभीचे. सहगायिका सुधा मल्होत्रा. दाते वस्त्रोद्योगातले अभियंते होते आणि कितीतरी वर्षे नोकरी सांभाळून गात राहिले. ज्याचे गाणे घराघरात पोहोचले आहे, तो माणूस सकाळी कामावर जात होता. माझ्या मित्राला मी कधीतरी असेही म्हटले होते, ‘नोकरी करून कोणी कलावंत होत नाही.’ तो दुसरा चुकीचा निकाल. पुरावा वर दिलाच आहे.

१४.
ठाण्यापुढे कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली ओलांडून आपण कल्याणला येतो आणि भावगीताच्या इतिहासात बहुधा गाळले जाणारे पान उघडते. वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. मुंबईत मिळेल ते काम करीत त्यांनी प्रौढपणी अक्षरे गिरवली. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले. ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. मागे आंबेडकरी जलशांची परंपरा, पुढ्यात लोकांच्या तोंडी असलेल्या सिनेमाच्या चाली. स्वतः लिहायचे, स्वतः गायचे, वस्तीवस्तीत जायचे. ‘वाटचाल’ (१९७३) आणि ‘मोहळ’ (१९७६) हे संग्रह पुढे आले. त्याआधी गाणी लोकांच्या तोंडी आणि गायन पार्ट्यांच्या वह्यांत फिरत होती. कंपनीपासून स्वतंत्र असा गीतकार-गायक महाराष्ट्रात शोधायचा झाला, तर वामनदादांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागेल. आणि त्यांनीही चाल उसनी घेण्यात कधी कमीपणा मानला नाही. ओळखीच्या चालीवर नवा विचार लवकर पाठ होतो, हे त्यांना नीट कळले होते.

१५.
कल्याणशी ज्या गाणाऱ्या घराण्याचे नाव जोडले गेले, त्या शिंदे घराण्यातील प्रल्हाद शिंदे (१९३३ ते २००४) हे गीतकार नव्हते, गायक होते. पण त्यांच्या आवाजात विठ्ठलाची गाणी, भीमगीते आणि कव्वाली एकत्र नांदत. १९८० च्या दशकात कॅसेट आली, ध्वनिमुद्रण स्वस्त झाले आणि एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली. ज्यांना तबकडीवर जागा मिळाली नव्हती, त्यांचा आवाज रिक्षांत, टपऱ्यांवर आणि उत्सवांच्या मंडपांत ऐकू येऊ लागला. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद हे या कॅसेटयुगाचे गायक. नातू आदर्श चित्रपटांच्या आणि आंतरजालाच्या काळातला. तीन पिढ्या, तीन माध्यमे. घराण्याच्या आवाजातला तो उंच, मोकळा, कव्वालीतून आलेला जोर मात्र तिन्ही पिढ्यांत ओळखू येतो. त्याला कोणी ‘रेट्रो’ म्हणत नाही. त्याला ‘शिंदेशाही बाणा’ म्हणतात.

१६.
आता आमच्या पिढीच्या लहानपणाकडे. पुण्याचे संदीप खरे (जन्म १९७३) आणि डॉ. सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. खरे स्वतः कविता लिहितात, त्यांना चाली लावतात आणि गातात. आजच्या अर्थाने ‘गीतकार-गायक’ हा शब्द मराठीत ज्यांना सहज लागू पडतो, त्यांपैकी ते ठळक नाव. मराठी कविता मुक्तछंदात रमलेली असताना ते वृत्तात, यमकात, मुखडा-अंतऱ्यात लिहीत राहिले. ‘मौनाची भाषांतरे’ हा कवितासंग्रह, ‘नामंजूर’मधली बंडखोरी, ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ची बालगीते, पुढे ‘दमलेल्या बाबाची कहाणी’: प्रवास पाहिला तर साधन बहुतांशी जुनेच राहिले आहे आणि बोलणारा माणूस मात्र बदलत गेला आहे. आधी प्रियकर, मग स्वतःशी भांडणारा तरुण, मग दमून घरी येणारा बाप.

१७.
या शेवटच्या गाण्याची एक खासगी आठवण सांगतो. डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात मी बाबांसोबत हा कार्यक्रम पाहिला. बाबांनी त्या वेळी बरीच वर्षे सकाळची जलद गाडी पकडून रात्री साडेनऊला घर गाठले होते. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ सुरू झाल्यावर त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि गाणे संपेपर्यंत तो पुसत राहिले. आजूबाजूला असे बरेच चष्मे पुसले जात होते. त्या क्षणी त्या गाण्याची घडण जुनी आहे की नवी, हा प्रश्न कोणाच्याही मनात नव्हता. माझ्याही नव्हता. तो प्रश्न पुढे विद्यापीठात गेल्यावर पडला.

१८.
इथवरचा पुरावा एकत्र ठेवू. जोशींनी जुन्या काव्यपठणाला तबकडीत बसवले. वाटव्यांनी ते चौकात नेले. सावळारामांनी ओवीला एचएमव्हीचा शिक्का दिला. वामनदादांनी सिनेमाच्या चालीत समतेचा विचार भरला. खऱ्यांनी भावगीताच्या साच्यात उपनगरातला दमलेला बाप आणला. यांपैकी कोणीही कोऱ्या पाटीवरून आरंभ केला नाही आणि कोणीही एकाच जागी थांबले नाही. दुसरी गोष्ट: यांपैकी कोणीही पूर्णपणे ‘स्वतंत्र’ नव्हते. कोणामागे कंपनी होती, कोणामागे गणेशोत्सव मंडळ, कोणामागे आकाशवाणी, कोणामागे वस्ती आणि तिची वर्गणी. गाणाऱ्याने एकट्याने उभे राहावे आणि एकट्यानेच टिकावे, ही अपेक्षा आपल्या इतिहासात कुठे आढळत नाही. ती आपण आजच्या मुलांकडून करतो.

१९.
आज त्यांच्या मागे कोण आहे? दिवाळीच्या पहिल्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड तरुणांनी फुलून जातो. ठाणे, डोंबिवली, कल्याण या तिन्ही शहरांत ‘दिवाळी पहाट’ कार्यक्रम होतात आणि तिथे साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गाणी दर वर्षी त्याच प्रेमाने ऐकली जातात. माझा मित्रही अशा कार्यक्रमांत गातो. जुने गाणे गायले की त्याला मानधन मिळते, शाल मिळते, ‘काय आवाज लागलाय रे’ अशी दाद मिळते. एकदा त्याने मध्येच स्वतःचे एक गाणे म्हटले, तेव्हा लोक फराळाच्या दिशेने पाहू लागले. आम्हांला जुने गाणे हवे असते. जुन्या वळणाचे नवे गाणे नको असते. श्रोता त्याला ‘नवा’ म्हणून नाकारतो आणि माझ्यासारखा अभ्यासक ‘जुना’ म्हणून. मग त्या मुलाने उभे राहायचे कुठे?

२०.
आता त्या गाण्याकडे परत जातो. गेल्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास केला. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्या चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ओवीचा विषय जाते हा क्वचितच असतो. जाते हे तिचे कामाचे ठिकाण आहे. पहाटे सगळे झोपलेले असताना, हात कामात गुंतलेले असताना, जी बाई जागी आहे ती कोणाशी तरी बोलते: भावाशी, आईशी, विठ्ठलाशी, शेजारणीशी. विजेच्या गिरण्या आल्या, जाती बंद पडली; पण पहाटे एकटीने राबणारी बाई बंद पडली नाही.

२१.
माझ्या मित्राची आई पोळी-भाजी केंद्र चालवीत असे. पहाटे चारला उठून, सात वाजायच्या आत दीडशे पोळ्या. हे मला ठाऊक होते. शाळेत असताना त्या पोळ्या मीही खाल्ल्या आहेत. तरी गाणे ऐकताना मला फक्त छंद ऐकू आला. त्या गाण्यातली बाई जात्यापाशी बसलेलीच नव्हती. ती ओट्यापाशी उभी होती, पोळपाटावर लाटणे फिरत होते आणि ती बोलत होती दादरच्या कुठल्यातरी कचेरीत दुपारी डबा उघडणाऱ्या एका अनोळखी बाईशी. जिच्या घरची पोळी करायला वेळ उरलेला नाही, त्या बाईशी. दोघी एकाच शहरात राहतात, एकमेकींना कधी भेटत नाहीत आणि त्यांच्यामध्ये एक डबा आहे. ‘जातं आता कोणाच्या घरात आहे?’ असे मी विचारले होते. त्याने त्याचे उत्तर गाण्यातच लिहिले होते.

२२.
माझी चूक कुठे झाली, ते आता नेमके सांगता येते. घडण कोणत्या काळातली हे मी बरोबर ओळखले आणि तेवढ्यावर थांबलो. ताम्रपटाची लिपी वाचून मजकूर न वाचण्यासारखेच ते झाले. जुने रूप हाती घेणाऱ्याला एकच गोष्ट विचारायला हवी: हे रूप घेतल्यामुळे तू आज असे काय बोलू शकलास, जे एरवी बोलता आले नसते? ज्याच्याजवळ याचे उत्तर नाही, ती नक्कल. ज्याच्याजवळ आहे, तो वारसा. रेनॉल्ड्स यांच्या पुस्तकाचा दोष नाही; त्यांचा विषय वेगळ्या देशाचा, वेगळ्या बाजारपेठेचा होता. मी त्यांचे माप आणून आमच्या आळीतल्या माणसाला लावले.

२३.
महिन्यापूर्वी मी मित्राला भेटलो. कल्याण दिशेच्या पुलाखाली चहा घेताना हे सगळे सांगितले, माफीही मागितली. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘अरे, आई आता केंद्र चालवत नाही. गुडघे गेले तिचे. गेल्या वर्षीच बंद केलं.’ आणि थोड्या वेळाने हसून, ‘तेव्हा ते गाणं आजचं होतं. आता मात्र ते खरंच रेट्रो झालंय.’ या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. इतिहासाचा विद्यार्थी उशिरा पोहोचतो, हे आमच्या शास्त्राचे स्वरूपच आहे. पण इथे मी उशिरा पोहोचलो तो माझ्या हट्टामुळे.

२४.
हा धागा लिहायला त्याने परवानगी दिली; अट एकच, नाव लिहायचे नाही. गाण्याची प्रत त्याच्या जुन्या लॅपटॉपवर आहे. ती पुन्हा प्रसिद्ध करायची की नाही, हे त्याने ठरवलेले नाही, आणि या वेळी मी सल्ला दिलेला नाही. एवढेच सांगितले, की माझा निकाल मी मागे घेतला आहे आणि तो ज्या ठिकाणी इतर निकाल देतो, त्याच ठिकाणी जाहीरपणे मागे घेईन. तो हा इथे घेतला.

२५.
वाचकांना एक विनंती. येत्या दिवाळीत कोणा पहाटेच्या कार्यक्रमात एखादा गायक जुन्या गाण्यांच्या मध्ये ‘हे माझं स्वतःचं आहे’ असे चाचरत म्हणाला, तर फराळाकडे वळण्याआधी तीन मिनिटे थांबावे. तबकडीची एक बाजू तेवढीच असे. आणि आपल्या घरात आजीच्या, आईच्या तोंडच्या ओव्या कोणाला आठवत असतील, तर त्या लिहून ठेवाव्यात. कोणत्या कामाच्या वेळी म्हटल्या जात, तेही सोबत नोंदवावे. पुढचा धागा कल्याणच्या बंदराचा. राहिलेला भाग त्यात पुरा करीन.